चिमण्यांच्या पेटीतून साळुंक्यांना कसं बाहेर ठेवलं

आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पश्चिमेच्या भिंतीवरची लाकडी पेटी दुपारी हात लावू देत नाही, तिथे पिल्लं कशी तगणार? शिवाय बाजारातून आणलेल्या त्या पेटीचं भोक एवढं मोठं, की चिमण्या नुसत्या डोकावून जायच्या आणि साळुंक्या हक्काने आत शिरायच्या.

भोकावर प्लायवूडचा तुकडा स्क्रूने बसवला, त्याला ३२ मिलिमीटरचं भोक. चिमणी आरामात जाते, साळुंकीचं अंग मावत नाही. दाराखालची दांडी कापून टाकली. चिमणीला ती लागतच नाही, कावळ्याला मात्र बसायला आयती जागा मिळते. छताच्या लगेच खाली दोन्ही बाजूंना हवेची छिद्रं पाडली, तळाला पाणी निघून जायला बारीक छिद्रं. मग पेटी पूर्वेच्या भिंतीवर, सज्जाच्या सावलीत टांगली. आतून रंग अजिबात नाही.

नर आधी येतो, काळ्या गळ्याचा, आणि दारात बसून चिवचिवाट करतो. घरट्यासाठी गवत कुठलं? आमच्या कूलरच्या ताटीतलं! ताटी विरळ झाली, चालायचंच.

अंडी साधारण १२ दिवसांत फुटतात, त्यानंतर दोनेक आठवड्यांत पिल्लं उडतात. तोवर पेटी उघडायची नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तरी पुरेसं कळतं: चोचीत अळ्या घेऊन नर-मादी दोघंही फेऱ्या मारायला लागले, की पिल्लं अंड्यातून बाहेर आली समजा. मोठ्या चिमण्या दाणे खात असल्या, तरी पिल्लांना किडेच लागतात, म्हणून बागेत कीटकनाशक मारणं बंद केलंय.