कामगारांचा आरोग्यविमा: छोट्या कारखानदारांनी या चुका टाळा

भोसरी असो, शिरोली असो की इचलकरंजी, छोट्या शेडच्या मालकाला कामगारांच्या दवाखान्याचं विचारलं की उत्तर येतं, ‘ईएसआय भरतो ना!’ ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, चलान खरंच भरलेलं असतं. पण माणूस आजारी पडला की कळतं, त्याने स्वतःचं कार्ड कधी पाहिलेलंच नाही, डिस्पेन्सरी जुन्या गावची आहे आणि बायकोचं नाव नोंदलेलं नाही. पैसे वेळेवर गेले, उपयोग शून्य.

‘नऊच माणसं दाखवू’

दहा माणसं झाली की ईएसआय लागू होतो. म्हणून दहावा हजेरीपटावर येतच नाही, किंवा चौघे ठेकेदाराचे म्हणून दाखवले जातात. यात पहिली गफलत अशी की ठेकेदाराची माणसंही मोजली जातात, आणि त्याने वर्गणी भरली नाही तर ती तुमच्याकडून वसूल होते. दुसरी गफलत हिशेबाची. 15,000 पगारावर मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे 488 रुपये आणि कामगाराचे पाऊण टक्का म्हणजे 113. एवढ्यात कामगार आणि त्याचं कुटुंब यांचे उपचार, आजारपणात 70 टक्के पगार (वर्षाला 91 दिवसांपर्यंत), बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा आणि कामावर अपघात झाला तर भरपाई. प्रेस मशीनवर नोंद नसलेल्या माणसाची बोटं गेली तर ती भरपाई कायद्याने तुमच्या खिशातून जाते. नऊचा आकडा जपून वाचवलेले पैसे तेव्हा आठवतात.

दहापेक्षा कमी माणसं असली तरी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने ईएसआयमध्ये येता येतं. हे अनेक सल्लागार स्वतःहून सांगत नाहीत.

ईएसआय नंबर निघाला, पुढचं कोण बघणार?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आणि तो निस्तरायला लागणारा वेळ सगळ्यात कमी. नवा माणूस आला की पहिल्या दिवशीच नोंद करा. अपघातानंतर घाईने केलेल्या नोंदीवर प्रश्न निघणारच. ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयचं ओळखपत्र, छापून त्याच्या हातात द्या, तुमच्या कपाटातल्या फाइलीत त्याचा काही फायदा नाही. आधारवरचं नाव आणि नोंदीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील यांची नावं घाला. डिस्पेन्सरी तो राहतो त्या भागातली निवडा. चिखलीत राहणाऱ्या माणसाच्या कार्डावर सोलापूर असेल तर तो तापात सोलापूरला जाणार आहे का? तो जवळच्या खासगी डॉक्टरकडे जातो, पाचशे रुपये देतो आणि वर म्हणतो, ‘ईएसआय कापता कशाला?’ त्याचंही बरोबरच असतं.

उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, पण आजारपणाचा रोख भत्ता नव्या कामगाराला साधारण नऊ महिन्यांनी सुरू होतो. हे आधीच सांगून ठेवा.

पगार 21,000 च्या वर गेला

ईएसआयची पगारमर्यादा महिना 21,000 आहे. मे महिन्यात ती ओलांडणारी पगारवाढ दिली आणि लगेच कपात बंद केली, ही नेहमीची चूक. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. मध्येच मर्यादा ओलांडली तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी भरायचीच. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत. आणि पाचशेची वाढ देऊन एखाद्याला ईएसआयच्या बाहेर काढणार असाल तर आधी विचारा, घरी बाळंतपण आहे का, वडिलांचं डायलिसिस चालू आहे का. त्याच्यासाठी ग्रुप पॉलिसी (मालकाने कामगारांसाठी एकत्र काढलेला आरोग्यविमा) आधी घ्या, मग वाढ द्या.

चलानाची तारीख पुढच्या महिन्याची 15. उशिरावर 12 टक्के व्याज लागतं. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा तर गुन्हा आहे, तिथे ‘पार्टीकडून पेमेंट अडकलं’ चालत नाही.

स्वस्त ग्रुप पॉलिसी

ईएसआयबाहेरच्या माणसांसाठी ग्रुप मेडिक्लेम घेताना सगळे प्रीमियम बघतात, रूम रेंटची, म्हणजे रुग्णालयातल्या खोलीच्या भाड्याच्या मर्यादेची, ओळ कुणी वाचत नाही. समजा, मर्यादा दिवसाला 3,000 आहे आणि कामगार 6,000 च्या खोलीत राहिला. विमा कंपनी फक्त खोलीचे जादा पैसे कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात निम्मं करते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू नाही, पण तेवढ्याने बिल भागत नाही. म्हणून थोडा जास्त प्रीमियम देऊन ही अट काढून घ्या.

‘वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला, मग प्रत्येकाची वेगळी काढू’ असंही आता ऐकू येतं. ग्रुपवर 18 टक्के आहेच. पण वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ग्रुपमध्ये ते बहुधा पहिल्या दिवसापासून घेता येतात. पन्नाशीतल्या मधुमेही टर्नरसाठी यातलं काय स्वस्त, ते तुम्हीच ठरवा. प्रीमियम रोखीने देऊ नका, आयकरात त्याची वजावट मिळत नाही. आणि नवा माणूस आला की त्याचं नाव त्याच महिन्यात कंपनीला कळवा. नूतनीकरणाची वाट बघत बसलात तर तोवर त्याला विमाच नाही.

वीस रुपयांचा गैरसमज

पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे 20 रुपये खात्यातून गेले म्हणजे आरोग्यविमा झाला असं समजणारे बरेच आहेत. ती अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे, डेंग्यूच्या बिलासाठी नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना कामाची आहे, पण संलग्न रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. बिहार-उत्तर प्रदेशच्या कामगारांकडे गावाकडचं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या संलग्न रुग्णालयातही चालतं. ते गावी ठेवून आले असतील तर मागवून घ्यायला सांगा.

कामगार नोकरी सोडतो तेव्हा ग्रुप विमाही सुटतो. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज त्याला करता येतो, आणि आधीचा विम्याचा काळ त्यात धरला जातो. हिशेब चुकता करताना हा अर्ज त्याच्याकडून भरून घ्या, नंतर तो तुमचा फोन उचलेलच असं नाही.