पाण्याखाली बॉईलचा नियम शिकवायचाय? आधी हवा गार होऊ द्या

फिजिक्स शिकवणारे आणि डायव्हिंगही करणारे लोक थोडेच, त्यामुळे पाण्याखाली बॉईलचा नियम (दाब जितक्या पट वाढतो, तितक्या पट हवेचं आकारमान घटतं) शिकवायच्या कामाला मळलेली वाट नाही. तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, मालवणात खासगीवालेही पुष्कळ. पण प्रयोगासाठी मुलं घ्यायची ती ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स, झालेलीच. पर्यटकांना धरून खाली नेतात आणि फोटो काढून वर आणतात, तसल्या डाइव्हमध्ये प्रयोग होत नाही. ‘चालतंय हो, काय होतंय’ म्हणणारा इन्स्ट्रक्टर भेटला तर नमस्कार करून निघा. मला घडवलं ते फिजिक्स न शिकलेल्या, पण पाण्याला ओळखणाऱ्या माणसांनी. त्यांचं ऐका.

सुरुवात तलावातच करा, समुद्रात नको. प्लास्टिकचं एक लिटरचं मोजपात्र उलटं धरून त्यात ९०० मिली हवा कोंडायची, खाली सव्वा किलो शिसं बांधायचं आणि दोरीने खाली सोडायचं. फुगा वापरू नका, त्याचं रबर स्वतःचा दाब घालतं. सिरिंजचा दट्ट्या अडकतो. हे दोन्ही शॉर्टकट व्हिडिओत छान दिसतात, आकड्यांत नाही.

आता मी जिथे अडकलो ते. आठ मीटरवर दाब साधारण १.८ पट होतो, म्हणजे ९०० मिलीचे ५००च्या थोडं वर उरायला हवेत. आमचे उरायचे ४८०च्या आसपास. पोरं म्हणायची, ‘सर, हवा गळते.’ मीही कडा तपासत बसायचो. गळत काहीच नव्हतं. मोजपात्र काठावर उन्हात पडलेलं असायचं, आतली हवा चाळीस अंशांची, पाणी सत्तावीसचं. केल्विनमध्ये (अंश सेल्सिअस अधिक २७३) धरा: ३१३वरून ३००. एवढ्यानेच हवा चार टक्के आक्रसते, दाबाचा संबंध नसताना. बॉईलचा नियम तापमान स्थिर असतानाचा, हे आपण फळ्यावर लिहितो आणि तलावावर विसरतो. म्हणून हवा कोंडल्यावर मोजपात्र दहा मिनिटं पाण्यातच, सावलीत ठेवा. मग आतली-बाहेरची पातळी एका रेषेत आणून पहिलं वाचन घ्या, हवा कमी झाली असेल तर थोडी भरून पुन्हा थांबा. पाण्याचं तापमानही लिहा. खोली मोजायची ती मोजपात्रातल्या पाण्याच्या पातळीपर्यंत, वरच्या टोकापर्यंत नाही. आणि सूत्रात ρgh (पाण्याची घनता × गुरुत्व त्वरण × खोली, म्हणजे पाण्याचा दाब) बरोबर वातावरणाचा दाब मिळवा. हे सांगायला लाज वाटते, पण बारावीची हुशार मुलंही तो गाळतात.

एक जास्तीचं. दहा मीटरवर आयतं ‘निम्मं’ उत्तर ठाऊक असतं, म्हणून मुलं ते वाचनाआधीच लिहून टाकतात. आठ मीटर बरं, तिथे पाठ केलेलं उत्तर नाही. सुंदर आलेख मला संशयास्पद वाटतो.

आता खरी भीती सांगतो. बारीक रेघ वाचताना माणूस नकळत श्वास रोखतो. पाण्याखाली श्वास रोखून थोडंही वर तरंगलात तर मोजपात्रातल्या हवेसारखीच फुप्फुसातली हवा फुगते, आणि शेवटच्या काही मीटरमध्ये सगळ्यात जास्त. फुप्फुस फाटू शकतं. यात विनोद नाही. वाचणारा एक, त्याच्या बुडबुड्यांवर नजर ठेवणारा त्याचा बडी (डाइव्हमधला जोडीदार) दुसरा, आणि इन्स्ट्रक्टरच्या हातात काहीही नाही, पाण्याखाली लिहायची स्लेटसुद्धा नाही. बुडबुडे थांबले की प्रयोग थांबला. खोलवर हवा भरून झाकण लावलेली बाटली वर आणायची नाही, आतली हवा फुगून ती फुटू शकते, कुणी कितीही आग्रह केला तरी.

बाकीचे प्रयोग सोपे आहेत. चपटा मास्क घातला की वस्तू सुमारे पाऊण अंतरावर दिसते, पट्टी घेऊन मुलांनाच अंदाज बांधायला लावा. आवाजाची दिशा कळत नाही, कारण पाण्यात तो हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो. लाल रंग विझताना बघायला मात्र समुद्रच हवा. दिवाळीनंतर मालवणचं पाणी निवळतं, तेव्हा जा.

तुम्ही स्वतः इन्स्ट्रक्टर नसलात म्हणून अडत नाही. परवानाधारक इन्स्ट्रक्टर पाण्यात आणि तुम्ही काठावर वही घेऊन, अशी जोडी पहिल्या हंगामाला पुरते. पहिली वाचनं वाकडीच येतील. येऊ द्या, फक्त खोडू नका.