सीपॅप मास्कने जीव घाबरतो? पहिल्या रात्रीआधी एवढं करा

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं. त्यासाठीचं सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन आलं की लोक त्याच रात्री मास्क बांधून आडवे होतात. मीही झालो, जीव कासावीस झाला, मास्क ओढून काढला आणि मशीन कपाटात गेलं. तुम्ही असं करू नका. आधी दिवसा सराव करा. जागेपणी, खुर्चीत बसून.

पहिल्यांदा मास्क नुसता हाताने नाकावर धरा, पट्टे नको, नळी नको. मग मशीन चालू करून हवा येत असताना धरा. नळी जोडून मशीन बंद ठेवू नका, आपण सोडलेलीच हवा परत आत येते आणि खरंच कोंडल्यासारखं होतं. मग पट्टे लावून टीव्ही बघा, मग दुपारची डुलकी, आणि मगच रात्र. भीती वाटली तर एक पायरी मागे या, पण शक्यतो श्वास जरा शांत झाल्यावर मास्क काढा, नाहीतर काढला म्हणून वाचलो हेच मनात पक्कं बसतं. अंधारात एका हाताने झटकन काढायची सवयही दिवसाच करून घ्या, सुटता येतं हे कळलं की अर्धी भीती तिथेच जाते.

मास्क कुठला? नेझल पिलो फक्त नाकपुड्यांना टेकतात, डोळ्यांसमोर काही येत नाही, कोंडल्याची भीती असेल तर आधी तेच बघा. तोंडाने श्वास घेत असाल तर बहुतेक फुल फेस, म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागतो, त्याला वीज गेली तर बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह असतो. मास्कवरची बारीक भोकं उच्छ्वासासाठी आहेत, ती झाकायची नाहीत! पेसमेकर असेल तर चुंबकाच्या क्लिपा असलेला मास्क नकोच.

रॅम्प चालू करून घ्या, प्रेशर कमीपासून, बऱ्याच मशीनवर 4 पासून (सेंमी पाणी, हे दाबाचं एकक), हळूहळू चढतं. श्वास सोडताना प्रेशर कमी करणारी सोय असेल तर तीही. मूळ प्रेशर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही.

आणि दिवसाचा सराव. तो झाला नसेल तर बाकीचं सगळं करूनही रात्री तेच होणार.

पट्टे आडवं पडून, हवा चालू असताना बसवा, फार आवळू नका. नाक चोंदलं असेल तर आधी मोकळं करा. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या टाकीत, डिस्टिल्ड वॉटर, मास्क रोज धुवायचा. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने नाही. दिवसा सराव करूनही जमत नसेल तर मशीन बंद करून ठेवू नका, डॉक्टरांना सांगा.