रक्त येतंय? मग ब्रश तिथंच फिरवा

"मॅडम, ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून आठवडाभर नुसतं बोटानंच घासतेय." कराडच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पेशंट बोलायला लागला की शेवट मीच पुरा करते. आणि नेमकं इथंच सगळं उलटं होतं. रक्त ब्रशमुळे येत नसतं, ब्रश जिथं पोचत नाही तिथून येत असतं.

आज रात्री दात घासायच्या आधी एक करून बघा. खालच्या पुढच्या दातांवरून, अगदी हिरडीला लागून, नखानं हलकेच खरवडा. नखावर पांढरट, चिकट लोण्यासारखं काहीतरी येईल. जेवणाचा कण समजू नका, तो जिवंत जंतूंचा थर आहे. 1683 साली हॉलंडच्या डेल्फ्ट गावात भिंगं घडवणाऱ्या लेव्हेनहूकनं स्वतःच्या दातांवरचा असाच थर पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तर त्यात बारीक जीव वळवळताना दिसले!

चूळ भरून हा थर जात नाही, घासूनच काढावा लागतो. राहिला तर हिरडी लाल होते, सुजते, आतली त्वचा नाजूक होते आणि जरा धक्का लागला की रक्त. काही दिवसांत लाळेतलं कॅल्शियम त्यात बसून त्याचं कीटण होतं, मग ब्रश हरला. हिरडी सुजली की दाताशेजारची फट खोल होते. तिथं हवा नाही, त्यामुळे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जंतूंची चंगळ. त्यांच्यावर आपल्याच शरीराची फौज धावून जाते आणि त्या मारामारीत दाताखालचं हाड झिजतं. लोक याला पायोरिया म्हणतात.

हाडापर्यंत जायच्या आत मात्र गाडी मागे फिरते. 1965 साली डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात 12 निरोगी माणसांनी दात घासणं बंद केलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात ठीक झाल्या.

तर ब्रश मऊच घ्या. तो तिरका धरा, अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर. करकचून दाबू नका. जागच्या जागी बारीक थरथरवा, मग दाताच्या टोकाकडे झाडून घ्या. एकदम दोन-तीन दातच. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा. तिथं लाळेची ग्रंथी उघडते, म्हणून कीटण सगळ्यात आधी तिथंच साचतं, आणि नव्वद टक्के लोक तिथं ब्रश नेतच नाहीत (हा आपला माझा अंदाज). दोन दातांमधल्या फटीत ब्रश जातच नाही, तिथं फ्लॉसचा दोरा घाला किंवा बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा ब्रश. सकाळचं एकवेळ घाईत उरका, रात्रीचं नको.

पहिले काही दिवस रक्त येईल. येऊ द्या.

मिश्री लावणाऱ्यांना मात्र रक्ताची ही खूणही नीट मिळत नाही. माझी आई मिश्री लावायची आणि "माझ्या हिरडीतून कधी थेंब आला नाही" असं ठसक्यात सांगायची. तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आवळतात, रोग आत वाढतो, रक्त दिसत नाही. पन्नाशीत तिचे खालचे चार दात हलायला लागले. मी तेव्हा दातांच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. रोज तिच्यासमोर बसून जेवत होते, पण मला दिसलं नाही.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, किंवा कीटण बोटाला खरखरीत लागतंय, तर दात साफ करून घ्या. मधुमेह असेल तर दोन आठवडेही थांबू नका. सफाईनं दात ढिले होत नाहीत. फटीत बसलेलं कीटण निघाल्यामुळे मोकळं मोकळं वाटतं, इतकंच. आणि खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांना एक विचारा, "माझ्या हिरडीची फट किती मिलिमीटर?" 1 ते 3 असेल तर घरचा ब्रश पुरेल. 4 किंवा जास्त निघाली, तर पुढची तारीख घेऊनच उठा.