पिंपातल्या अळ्या कशा मोजाव्यात

तीन वर्षांपूर्वी गणपतीनंतर माझ्या मुलीला डेंग्यू झाला. ती बरी झाली. ताप उतरल्यावर मी टॉर्च घेऊन घरातलं एकेक भांडं बघितलं. पिण्याचे हंडे स्वच्छ, स्वयंपाकघरातलं पिंप स्वच्छ. संडासाच्या दाराशी ठेवलेल्या निळ्या पिंपात मात्र डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ते पिंप कधी पूर्ण रिकामंच होत नव्हतं. पाणी आलं की वरून भरायचं, एवढंच. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या आठवड्यापासून मी आणि नववीची मुलं गल्लीतली भांडी मोजायला लागलो. तुम्हालाही तुमच्या भागात हे करता येईल.

सोलापुरात ही मोजणी जास्तच गरजेची आहे. उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून येतं आणि वर्षानुवर्षं आपल्याला चार-पाच दिवसांआड मिळत आलं आहे. त्यामुळे पिंपं, बॅरल, सिमेंटचा हौद, घागरी, सगळं भरून ठेवावं लागतं. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत सात ते दहा दिवस लागतात. ‘कोरडा दिवस पाळा, भांडी ओतून टाका’ असं सांगायला गेलं की पूर्व भागातल्या अक्का विड्या वळता वळता विचारतात, “पाच दिवसांनी आलेलं पाणी ओतू म्हणतेस?” त्यांचं बरोबर आहे. म्हणून मोजणीआधी प्रश्न पक्का करा: पाणी वाया न घालवता आणि कमीत कमी औषध वापरून अळ्या कशा कमी होतील?

सामान थोडंच लागतं: टॉर्च, पांढरी ताटली, पळी, वही. घरी जाताना एक बाई आणि दोन मुलं, एवढेच जा. आधी परवानगी घ्या. वहीत नाव लिहू नका, घराला क्रमांक द्या. आशाताई सोबत आल्या तर दारं लवकर उघडतात. अळ्या सापडल्या तर घरच्यांना ताटलीत दाखवा, पण बोल लावू नका. बोल लावला की पुढच्या वेळी मागचं अंगण कुणी दाखवत नाही.

बघायची पद्धत अशी. झाकण हळूच उचला, पाणी हलू देऊ नका. टॉर्च मारताच अळ्या वळवळत तळाला जातात, म्हणून एक मिनिट थांबा. श्वास घ्यायला त्या परत वर येतात. एडिसची अळी पृष्ठभागाला शेपटीकडून तिरकी लटकते. पळीभर पाणी ताटलीत घेतलं की ती स्पष्ट दिसते. तिच्याबरोबर स्वल्पविरामासारखे वाकडे कोष (अळी आणि डास यांच्यामधली अवस्था) दिसले तर ते वेगळे मोजा. अळ्यांपैकी बऱ्याच मरतात, कोषातून मात्र बहुधा डास निघतोच. कोणतं भांडं खरोखर डास तयार करतंय ते कोषांवरून कळतं.

कुलरचा टब, फ्रिजमागचा ट्रे, माळ्यावरचे टायर विसरू नका. उलट तेंदूपानं भिजवायचं घमेलं रोज रिकामं होतं, तिथं अळीला वाढायला वेळच मिळत नाही. अशी ‘नाही’ची नोंदही लिहा. त्यामुळे दर वेळी सगळ्या भांड्यांमागे धावावं लागत नाही.

आता हिशेब. समजा ५० घरं बघितली, पाणी असलेली भांडी ३०० निघाली, अळ्या १२ घरांतल्या १८ भांड्यांत सापडल्या. शंभर घरांमागे अळ्यांची घरं २४, हा हाउस इंडेक्स. शंभर भांड्यांमागे ६, हा कंटेनर इंडेक्स. शंभर घरांमागे अळ्यांची भांडी ३६, हा ब्रेटो इंडेक्स. आरोग्य खात्याची माणसं हेच आकडे वापरतात, त्यामुळे तुमची वही त्यांना लगेच समजते.

या तीन आकड्यांशेजारी मी आणखी एक रकाना ठेवते: पाणी सुटलं त्या दिवशी शिळं म्हणून किती घागरी ओतल्या. बहुतेक घरांत नवं पाणी आलं की जुनं गटारात जातं. हा रकाना नसेल तर अळ्या कमी झाल्या की नाही एवढंच कळेल, पाणी वाचलं का ते कळणार नाही. धूरफवारणीची गाडी किती वेळा आली तेही लिहा. धुराने उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात. शिवाय धुरात डिझेल किंवा रॉकेलबरोबर कीटकनाशक असतं, त्याने इतर कीटकही मरतात. साथ आली तर फवारणी हवीच, पण दर महिन्याचा उपाय म्हणून ती माझ्या मते चुकीची आहे.

मग उपाय करून बघा. ज्या भांड्यांत कोष निघाले तीच आधी घ्या. पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा, फडकं उन्हात वाळवा, गाळलेलं पाणी संडासाला, झाडांना किंवा फरशीला वापरा. रिकाम्या पिंपाची आतली भिंत नारळाच्या शेंडीने खरवडून घासा. मादी पाण्याच्या कडेलगत भिंतीवर अंडी चिकटवते आणि ती कोरडी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं रिकामं करून परत भरलं तर तीच अंडी फुटतात. भरल्यावर जुन्या चादरीचा तुकडा तोंडावर घट्ट बांधा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, पण ते सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याच्या तलावात कधीही सोडू नका. हे मासे इथले नाहीत, मूळच्या जलचरांना त्रास देतात.

उपाय चालला का हे कळायला तुलना लागते. शक्य असेल तर एकमेकींपासून थोड्या लांबच्या चार गल्ल्या घ्या आणि चिठ्ठ्या टाकून दोन निवडा. तिथं आज सुरू करा, उरलेल्या दोन गल्ल्यांत महिन्यानंतर. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत तर आपण नकळत ओळखीच्या, नीटनेटक्या गल्ल्या निवडतो.

व्हिएतनाममध्येही भांडी तपासण्यापासूनच सुरुवात केली होती. कोणत्या भांड्यांतून जास्त डास निघतात ते आधी शोधलं, मग त्यांत अळ्या खाणारे मेसोसायक्लॉप्स नावाचे बारीक जीव सोडले, शाळांतली मुलं आणि गावातले स्वयंसेवक सोबत घेतले. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार ३७ पैकी ३२ कम्यूनमधून (तिथले स्थानिक प्रशासनाचे भाग) एडिस नाहीसा झाला. मी हे मुलांना वर्गात वाचून दाखवते. इतक्या साध्या मोजणीतून एवढं काम झालं, हे त्यांना दिसायला हवं.

मोजणीत कुणाला ताप असल्याचं कळलं तर तिथेच थांबा, दवाखान्यात पाठवा. पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ नका, हे मात्र जरूर सांगा.

पावसाळ्यात तर मोजाच, पण मे महिन्यातही एकदा मोजा, कारण उन्हाळ्यात साठवण वाढते. आणि दर वेळी पाणी सुटल्यावर तिसऱ्या दिवशीच मोजा. एकदा भरलेली आणि एकदा रिकामी भांडी मोजली तर आकडे जुळत नाहीत. आम्ही आकडे नळाजवळच्या भिंतीवर कागदावर लावतो, घागर भरेपर्यंत सगळ्या वाचतात.