मराठवाड्याच्या उन्हात सहलीचे अन् खेळाडूंचे फोटो कसे काढायचे

कॅमेरा घेतलाय, लग्नाची कामं नको वाटतेत, आउटडोअर अन् स्पोर्ट्स करायचंय असं म्हणणारी पोरं हल्ली लई भेटतेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लेन्स कुठली घ्यायची हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी घड्याळ बघायला शिका, कारण आपल्याकडं उन्हाचं गणित चुकलं की महागातली लेन्स पण काही करू शकत नाही.

मे महिन्यात संभाजीनगरला सूर्य सहाच्या थोडं आधी उगवतो अन् सातच्या सुमारास मावळतो, पण कामाचं ऊन सकाळी साडेसात-आठपर्यंतच. मेच्या मधल्या दिवसांत लातूर, नांदेड, संभाजीनगर सगळीकडं एकेक दिवस असा येतो की बारा-साडेबाराच्या दरम्यान सूर्य बरोबर डोक्यावर असतो अन् उभ्या खांबाची सावलीच पडत नाही, शून्य सावली दिवस म्हणतेत त्याला. शाळेतल्या पोरांना मजा वाटते, पण त्या उन्हात माणसाचा फोटो काढून बघा, कपाळ अन् नाक पांढरंफट, डोळे खोबणीत गडप, टोपी असली तर अर्धा चेहराच गायब. डिसेंबरात मात्र सूर्य सातला येतो, सहाच्या आत जातो अन् भर दुपारी पण अर्ध्या आभाळापर्यंतच चढतो, त्यामुळं दहापर्यंत निवांत काम होतं. क्लायंट म्हणणार, "सर अकराला या, तोवर सगळे नाश्ता करून तयार होतील." उन्हाळ्यात ह्याला सरळ नाही म्हणायचं. सहाला बोलवा, साडेसहाला येतील, तेवढं चालतं.

तरीपण दुपारीच काढायची वेळ आली तर सावली शोधा, पण कुठलीही नको. कडुनिंबाच्या सावलीत चेहऱ्यावर उन्हाचे ठिपके पडतेत अन् ते एडिटिंगमध्ये जात नाहीत, कितीही व्हिडिओ बघा. चिंच, वड नाहीतर शाळेचा व्हरांडा बघा अन् माणसाला सावलीच्या अगदी कडेला, तोंड बाहेरच्या उजेडाकडं करून उभं करा. खाली जमीन कसली आहे हे पण बघा, हे कुणी सांगत नाही. आपली काळी जमीन उजेड गिळते, वर काहीच परत देत नाही, म्हणून हनुवटीखाली अंधार राहतो. तोच माणूस पांढऱ्या मुरमावर किंवा सिमेंटच्या कोर्टावर उभा केला की खालून आपोआप उजेड येतो. रिफ्लेक्टर नसेल तर मंडपवाल्याकडून थर्माकोलची शीट आणा, नाहीतर एखाद्या आजोबांचं पांढरं उपरणं दोघांना धरायला लावा, काम तेच होतं.

आता खेळ. ज्या खेळाचे फोटो काढायचेत तो खेळ आधी कळला पाहिजे, नाहीतर तुम्ही कायम चेंडूच्या मागं पळणार. कबड्डीत रेडरचं, म्हणजे चढाई करणाऱ्याचं, तोंड बचाव करणाऱ्या टीमकडं असतं, म्हणून बसायचं बचावाच्या मागच्या लाईनीपलीकडं, कोपऱ्यात, मांडी घालून, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला. उभं राहून काढलं की खेळाडू बुटके दिसतेत अन् मागं प्रेक्षकांच्या चपला येतेत. रेड ३० सेकंदांची असते, तेवढा वेळ व्ह्यूफाइंडरमधून डोळा हलवायचा नाही. दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय, म्हणजे गुण घे नाहीतर बाद हो, तिथं काहीतरी होणारच, तेव्हा कार्डात जागा अन् बॅटरीत जीव असू द्या. हाफटाइमनंतर टीम बाजू बदलतेत, तुम्ही पण बदला.

खो-खो काढायला त्याहून सोपा आहे असं माझं मत, कारण कुठं काय होणार हे आधीच कळतं. पाठलाग करत पळणाऱ्याला मागं वळता येत नाही, तो खांबाकडंच जाणार. म्हणून खांबाच्या तिरकं, थोडं मागं सरकून बसा, फोकस खांबाजवळ लावून ठेवा अन् पोल डाइव्हची, म्हणजे खांब धरून मारलेल्या सूरची, वाट बघा. हात खांबाला, शरीर जमिनीला समांतर अन् पुढं निसटणाऱ्या खेळाडूची पाठ, हे तिन्ही एका फ्रेममध्ये मिळालं तर घरी गेलात तरी चालतंय. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्डकप झाला, आपल्या पोरी अन् पोरं दोघांनीही जिंकला, तेव्हापासून माझ्याकडं तरी खो-खोच्या पोरींचे पोर्ट्रेट काढून द्या म्हणणारे आई-बाप वाढलेत. धाराशिवकडं तर हा खेळ घराघरात आहे, तिथं काम मिळतं.

खेळ काढताना शटर दिवसा १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. रात्रीच्या स्पर्धेत १/५०० पर्यंत खाली या अन् आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, ६४०० करायला घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. अजून एक भानगड म्हणजे लाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे फ्लडलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतेत, डोळ्याला दिसत नाही पण फोटोत एक फ्रेम नीट, दुसरी काळपट, तिसरी पिवळी. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, नसेल तर बर्स्ट, म्हणजे एकामागून एक फोटो, लांब मारा अन् त्यातली बरी निवडा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, जेपेगमधला पिवळेपणा नीट जात नाही.

कुस्तीचं जरा सविस्तर सांगतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रेत फड लागतेत, हलगी वाजत असते, गर्दी इतकी की तुमच्या लेन्ससमोर कुणाचा तरी फेटा येणारच. आधी जाऊन पंचांना, वस्तादांना भेटा, कुठं बसू म्हणून विचारा, हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, चपल घालून पाय टाकू नका. माती उडते, ती लेन्सवर येते, म्हणून समोर यूव्ही फिल्टर लावाच अन् तिथं लेन्स बदलू नका. दोन पैलवान गुंतलेत अन् नुसत्या पाठी दिसतेत तोवर बटण दाबून काही उपयोग नाही, मान वळायची वाट बघा.

खरा पोर्ट्रेट मात्र कुस्ती संपल्यावर पाच मिनिटांत मिळतो. अंगाला लाल माती चिकटलेली, घामानं तिच्या रेघा झालेल्या, श्वास वर-खाली. त्यावेळी "स्माइल" म्हणू नका. त्याला सांगा, पाणी पी, हात झटक, वस्तादांकडं बघ. कुस्तीत मोडलेले कान पैलवान मिरवतेत, ते दाखवायचे असतील तर उजेड समोरून नको, बाजूनं घ्या, म्हणजे कानाच्या घड्यांत सावली बसते. लंगोटातला फोटो इन्स्टावर टाकायचा का, हे ज्याचा फोटो त्यालाच विचारा, पोरगा लहान असेल तर घरच्यांना.

हीच गोष्ट सगळ्या पोर्ट्रेटला लागू. पोझ सांगितली की खेळाडू हाताची घडी घालून पासपोर्ट फोटोसारखा उभा राहतो, म्हणून त्याला काम द्या. खो-खोच्या पोरीला वेणी बांधायला सांगा, घोट्याला टेप गुंडाळायला सांगा. पळणाऱ्याला स्पाइकची लेस बांधू द्या, नाहीतर स्टार्ट घेऊन दहा पावलं पळ म्हणा अन् थांबून वळला की काढा. बीडकडची पळणारी पोरं अविनाश साबळेचं नाव काढतेतच, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा माणूस, २०२२ च्या कॉमनवेल्थला स्टीपलचेसमध्ये सिल्व्हर, त्यामुळं "सर, पाण्यावरून उडी मारताना काढा" अशी फर्माइश येते. आता वॉटर जंप कुठून आणायचा राव, पण शेततळ्याच्या बांधावरून पळताना खालून काढलं की पोरगं आभाळात दिसतं अन् खूश होतं. तळ्यात मात्र उतरू देऊ नका, प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, वर येता येत नाही.

थोडा सिनेमॅटिक पाहिजे असेल तर एक फ्लॅश पुरतो. सूर्य मावळायच्या आसपास आधी नुसतं आभाळ मोजा, ते एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाइतकं, गडद होईल असं एक्स्पोजर लावा, शटर १/२०० च्या आसपास ठेवा कारण बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सगळ्यात जास्त वेग, तेवढाच असतो, अन् मग बाजूनं फ्लॅश वाढवत न्या. सॉफ्टबॉक्स वाऱ्यानं पडतो म्हणून स्टँडला मुरमानं भरलेली पिशवी बांधा, किंवा संघातल्याच एखाद्या पोराच्या हातात द्या, पोरं आनंदानं धरतेत.

सहलीचं काम वेगळं, तिथं ५० माणसं अन् प्रत्येकाला वाटतं आपला सोलो पाहिजे. ग्रुप फोटो पोचल्या पोचल्या उरका, जेवणानंतर कुणी सापडत नाही. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, हे ऑफिसवाल्यांना तुम्हीच सांगा, त्यांना माहीत नसतं. कैलास लेणं पश्चिमेकडं तोंड करून आहे, म्हणजे दर्शनी भागावर दुपारनंतर ऊन येतं, सकाळी ग्रुप उभा केला तर मागचं सगळं सावलीत. अजिंठ्याला आत फ्लॅश मारायचा नाही, चित्रं खराब होतेत. पुरातत्त्वच्या जागेवर ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, ड्रोन तर काढूच नका. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे अंधाऱ्या भुयारात, फोटो येत नाहीत, तिथून बाहेर पडताना तोंडाशी जो उजेड असतो तिथं एकेकाला थांबवा. खाऊची पिशवी अन् कॅमेऱ्याची बॅग वेगळी ठेवा, माकडांना फरक कळत नाही.

माझ्या आवडीचं काम म्हणाल तर हुरडा पार्टी अन् येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. हुरड्याच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, ऊन तिरपं अन् मऊ असतं, शेतात ज्वारी उभी, अन् आगटीचा, म्हणजे कणसं भाजायच्या जाळाचा, धूर. धुराच्या मागून सूर्य येईल असं उभं राहा, धूर उजळतो अन् चेहरे मऊ होतेत, फक्त वारा बदलला की पळा, नाहीतर पुढचा अर्धा तास डोळ्यातून पाणी. हाताचे क्लोजअप घ्यायला विसरू नका. गरम कणीस तळहातावर रगडणारा मामा असतो ना, त्याचे हात राखेनं काळे अन् त्यात हिरवे दाणे, तो फोटो लोक फ्रेम करून लावतेत. शटर १/५०० ठेवा म्हणजे उडणारी कुसं पण दिसतेत.

येळवशीला लातूर-धाराशिवकडं सगळं गाव रानात असतं. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पूजा चालते, आत अंधार अन् बाहेर लख्ख ऊन, कॅमेरा गोंधळतो. एक्स्पोजर आतल्या चेहऱ्यांवर लावा, बाहेरचं जळलं तर जळू द्या. पूजेत मधे घुसू नका, आजीला आधी विचारा. अन् आंबील-भज्जी खाल्ल्याशिवाय कुणी सोडत नाही, ती वेळ शूटमध्ये धरूनच चाला.

पावसाळ्यात सहस्रकुंड, सौताड्याच्या धबधब्यावर बोलावतेत. तुषारांनी लेन्स ओली होते, दोन-तीन सुकी फडकी खिशात ठेवा. ओल्या दगडाची चमक पोलरायझर लावला की जाते. कडेला उभं राहून फोटो पाहिजे म्हणणाऱ्याला नाही म्हणा, काम गेलं तरी चालेल.

पैशाचं थोडक्यात. अर्धे आधी घ्या, किती फोटो अन् किती दिवसांत हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, तोंडी नको, कारण नंतर "सगळेच द्या की" सुरू होतं. रॉ फाइल द्यायची नाही. फायनल फोटो व्हॉट्सअॅपला डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवले तर बारीक होऊन जातेत अन् बोलणी तुम्हाला बसतेत.

उन्हाळ्यात बंद गाडीत बॅटऱ्या अन् कॅमेरा ठेवू नका. घरी आल्यावर आधी ब्लोअरनं माती उडवा अन् मगच फडकं लावा, आपली माती तशीच पुसली तर काचेवर चरे पडतेत. कार्ड दोन जागी कॉपी झालंय का बघा, मग फॉरमॅट करा.