लोखंडी जिना आणि लचकणारा पूल: माझा अनुभव

माडीवरच्या दोन खोल्यांमध्ये लोखंडी पूल टाकला, पण आई त्यावर पाय ठेवायला तयार नव्हती. चालताना तो लचकायचा. वजन सहज पेलत होता, तरी ताकद वेगळी आणि ताठपणा वेगळा. वेल्डरभाऊ म्हणाले, "वरून जाड पत्रा मारू." त्यानं वजनच जास्त वाढलं असतं. ताठपणा येतो तो तुळईच्या उंचीनं, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या मापानं. आयताकृती तुळईची उंची दुप्पट केली की तो आठपट होतो. म्हणून पुलाच्या दोन्ही चॅनेलखाली (C आकाराच्या लोखंडी तुळयांखाली) तेवढंच दुसरं चॅनेल लावलं, पूर्ण लांबीभर वेल्डिंग करून. नुसतं एकाखाली एक ठेवलं तर दोन्ही वेगवेगळे वाकतात, हे फार महत्त्वाचं. लचक गेली, आई आता बिनधास्त जाते.

जिना कुरकुरायचा, त्याचं कारण मात्र आपली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, अन् वरची फरशीही हलते. जिन्याचा पाय त्या फरशीतच बोल्टनं आवळलेला, त्यामुळे वरच्या सांध्यावर ताण यायचा. पाय फरशीतून सोडवून प्लिंथ बीमवर, म्हणजे जोत्याच्या काँक्रीट तुळईवर घेतला. नवीन घर बांधणाऱ्यांनी जिन्याच्या पायाची जागा नकाशातच ठरवून घ्यावी. वेल्डिंग घासून लगेच रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा रंग) मारा, पावसाळ्याची वाट पाहू नका.